पऱ्यावरून दोरी उचलणारा मबरूक

"काढ ती भिंत."

"दोन हात तर जागा आहे. शेळ्या बांधायला."

"पाणी आलं की शेळ्यांना काय सांगशील? फरजनं तुमच्यासाठी दोन हात जास्त मिळवले म्हणून?"

"तू कोण लागून गेलास? सहमचा वाली आहेस का?"

"वाली असतो तर तुझं नशीब. वाली एकदा सांगतो आणि कचेरीत जाऊन बसतो. मी तुझा मोठा भाऊ आहे. मी कुठं जाणार नाही, इथंच उभा राहीन."

हे भांडण मी आमच्या शिलाईच्या दुकानामागच्या पडद्याआडून ऐकलं, त्याला आता अडतीस-चाळीस वर्षं झाली. मला ओमानात येऊन तेव्हा तीनच वर्षं झाली होती. अर्धं भांडण तेव्हाच कळलं, उरलेलं यांनी, म्हणजे नुमानच्या बाबांनी, रात्री जेवताना सांगितलं; वाली म्हणजे तिथला सरकारी अंमलदार, तेही. भांडणारे दोघे सख्खे भाऊ. मोठा मबरूक, धाकटा फरज. दोघंही ताडासारखे उंच, काळे कुळकुळीत, आणि आवाज असे की समुद्रावर हाक मारायचीच सवय. मी घाबरून लहानग्या नुमानला पोटाशी धरलं. वाटलं, आता हातघाईवर येणार. दुपारच्या नमाजानंतर बघते तर फरज शिव्या देत स्वतःच भिंतीचे ठोकळे काढतोय आणि मबरूक ते उचलून एका बाजूला रचतोय. मग दोघं तिथंच वाळूत बसून कहवा प्यायले.

मी यांना म्हटलं, "अहो, एवढं कशासाठी भांडले मग?"

हे म्हणाले, "पऱ्यासाठी."

पऱ्या हा शब्द आमचा, रत्नागिरीकडचा. डोंगरात पाऊस पडला की भरून वाहणारा ओढा, एरवी कोरडा. तिथल्या लोकांनी त्या वाटेला नाव ठेवलेलंच नव्हतं. म्हणून आम्ही आमचं ठेवलं.

मबरूकची वस्ती सहम गावच्या समुद्राकाठी, आमच्या दुकानापासून चालत पाच मिनिटं. चाळीस-एक घरं. त्यांच्या पणज्या-पणजोबांना कुणी झांजिबारकडून बोटीत घालून आणलेलं. खजुराच्या बागांत राबायला. आणणाऱ्यांनी बागा स्वतःकडे ठेवल्या, आणि पुढं ही माणसं मोकळी झाली तेव्हा त्यांच्या वाट्याला आली ती किनाऱ्याची वाळू. जी कुणाला नको होती. मबरूक हे सांगताना कधी रडगाणं गात नसे. म्हणायचा, "उम्म नुमान, वाळू दिली हे खरं. पण वाळूवर कुठं काय करायचं हे कुणी सांगितलं नाही. ते आम्ही ठरवलं."

तिथं बाईला मुलाच्या नावानं हाक मारतात. त्यामुळे मी उम्म नुमान, नुमानची आई. आमचं बोलणं हिंदीत व्हायचं. त्याची हिंदी म्हणजे मुंबईच्या बंदरावर शिकलेली, तरुणपणी लाँचवर गेला होता तेव्हाची. त्यात अरबी भरपूर आणि शिव्या मराठी. त्या शिव्या कुणी शिकवल्या ते त्यानं मला कधी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. बाईमाणसानं विचारण्यासारख्या नव्हत्या.

ठरवलं म्हणजे कसं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

दरवर्षी खजूर उतरवून झाला की, थंडीचा पाऊस यायच्या आधी, एका सकाळी सगळी वस्ती बोरीच्या मोठ्या झाडाखाली जमायची. घरटी एक माणूस. बाई चालेल, बाप्या चालेल, पण यायलाच हवं. मबरूक खजुराच्या काथ्याची लांब दोरी घेऊन यायचा. दोरीला गाठी मारलेल्या. समुद्राच्या टोकापासून दोरी जमिनीवर अंथरत निघायचे. एवढ्या गाठी होड्या वर ओढायला. एवढ्या गाठी जाळी वाळवायला आणि तारली सुकवायला. मग घरं, मग बागा, मग विहीर, मग कबरस्तान. कुणाच्या मुलाचं लग्न ठरलं असेल तर त्याची खोली कुठं उभी राहणार ते चालता चालताच ठरायचं. कुणी वारलं असेल नि मागं कुणी नसेल, तर त्याची झाडं कुणी पाणी घालून जगवायची तेही. भांडणं व्हायची. म्हाताऱ्या बायका तर भांडायलाच यायच्या. मबरूकची बायको शमसा एकदा दोरीवरच बसली, म्हणाली, माझ्या बहिणीला विहिरीजवळ जागा दिल्याशिवाय उठत नाही. मबरूक म्हणाला, "बसू दे. दोरीला आज एक गाठ जास्त." सगळे हसले, ती चिडून उठली, आणि बहिणीला जागा मिळाली.

आणि मग पऱ्या यायचा. वस्तीच्या मधूनच जायचा तो. रुंद, कोरडा, गोट्यांचा. काठाशी आले की मबरूक ओरडायचा, "उचला!" की सगळ्यांनी दोरी खांद्याच्या वर धरायची. तशीच उचलून पऱ्या ओलांडायचा. पोरं खालून पळायची. पलीकडच्या काठावर पोचलं की दोरी परत जमिनीवर.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, "मबरूकभाय, इथं का नाही मोजत?"

"पाण्याची जागा मोजायची नसते."

"का?"

"मोजली की माणसाला वाटायला लागतं, पाण्याला एवढी कशाला."

पऱ्यावर दोरी टेकवायची नाही, खुंटी मारायची नाही, दगड ठेवायचा नाही, नाव द्यायचं नाही. नाव दिलं की ते कुणाचं तरी होतं. फरजनं शेळ्यांसाठी भिंत घातली ती पऱ्याच्या काठावर, दोन हात आत. म्हणून तो तमाशा.

मी कोकणातली. आमच्याकडे बांधावरून डोकी फुटतात. मला हे सगळं गमतीचं वाटायचं. म्हणायची, आमच्या गावाला एक मबरूक असता तर रत्नागिरीच्या वकिलांनी काय खाल्लं असतं? तो हसायचा. त्याला माझ्या हातचं कोकमाचं सार आवडायचं. पेला तोंडाला लावून एका दमात प्यायचा आणि तोंड असं करायचा की जसं औषध घेतलंय. मग म्हणायचा, "आणखी आहे?"

आमचा शिलाईचा धंदा. हे दिशदाशा, म्हणजे तिथल्या पुरुषांचे पायघोळ झगे, शिवायचे, मी घरी बसून कुम्म्यावर, म्हणजे त्यांच्या गोल टोपीवर, सुईनं नक्षी भरायची. मबरूकची टोपी तीस वर्षं मीच केली. दर ईदेला एक. एका वर्षी नक्षी चुकली, एक फूल उलटं आलं. मी माफी मागायला गेले तर म्हणाला, "चांगलं आहे. हरवली तर ओळखायला सोपी."

असं चालू होतं.

मग तेरा-चौदा वर्षांपूर्वी एक तरुण साहेब आला. मस्कतहून, कुठल्या तरी कचेरीतून. कुठल्या ते मला आजही नीट सांगता येणार नाही. माणूस फार अदबीचा. बोरीखाली जमिनीवर बसला, खुर्ची दिली ती घेतली नाही. म्हणाला, "किनाऱ्याचा सगळा आराखडा नव्यानं व्हायचा आहे. पण तुमच्या वस्तीचा आम्ही वरून ठरवणार नाही. तुम्हीच दाखवा कुठं काय आहे, कोण काय वापरतं. तुम्ही दाखवाल ते तसंच राहील. माझा शब्द."

मबरूकला इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता. दुकानात आला, नुमानच्या बाबांना मिठीच मारली. म्हणाला, "अहमद, ऐक. शंभर वर्षांनी कुणी तरी विचारलं!"

नकाशा कागदावर काढायचं ठरलं. पण समुद्राच्या हवेत कागद भिजून लोळागोळा होतो. शिवाय अर्ध्या म्हाताऱ्यांना अक्षर येत नाही, त्यांना तो वाचता यायला हवा. मीच म्हटलं, कापडावर करू. दिशदाशाचं पांढरं कापड होतंच. चार वार काढलं. यांनी शिंप्याच्या खडूनं आखलं, आणि मी सुई घेतली. घरांना तपकिरी धागा, बागांना हिरवा, होड्यांना निळा, कबरस्तानाला काळा. पंधरा दिवस वस्तीतल्या बायका माझ्या पडवीत येऊन बसायच्या. एक म्हणायची, माझं लिंबाचं झाड राहिलं. दुसरी म्हणायची, माझं घर हिच्यापेक्षा मोठं दाखव. शमसा म्हणाली, "माझं घर कसंही दाखव, पण नवरा बाहेर बसलेला दाखव, घरात नसतोच तो." मी उंबऱ्याबाहेर एक छोटा काळा टाका घातला. तो मबरूक.

सगळं भरत आलं. मधोमध पऱ्याची जागा राहिली होती.

मबरूक येऊन बसला. मी म्हटलं, "इथं कुठला रंग?"

"कुठलाच नाही. तिथून सुई उचल."

त्याच्या दृष्टीनं बरोबरच होतं. दोरी टेकत नाही, तर धागा कसा टेकेल? शमसा, फरज, सगळ्यांनी मान डोलावली. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मला वाटलं.

आता लिहितेच. माझ्या माहेरी, गावाच्या मधोमध खळं होतं. सगळ्या गावाचं. भाताची झोडणी तिथं, लग्नाचा मांडव तिथं. कुणाचंच नाही म्हणून कुणी ते कागदावर आपल्या नावानं चढवलं नाही. मोजणीला माणूस आला, विचारलं हे कुणाचं, सगळे म्हणाले सगळ्यांचं. त्यानं लिहिलं, पडीक. मी दहा वर्षांची असेन. दोन वर्षांनी त्याला तारेचं कुंपण पडलं. माझे वडील कचेरीत जाऊन आले आणि ओट्यावर बसून म्हणाले, "कागदावर नाही ते जमिनीवर नाही." ते वाक्य मी विसरले नव्हते. त्या दिवशी पडवीत ते अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं.

मी बोलले नाही. का, तर एक म्हणजे आम्ही परक्या मुलखातले, दर दोन वर्षांनी व्हिशाचा शिक्का मारून घेणारे. त्यांच्या रीतीत आपण कशाला तोंड घालायचं? हे कारण मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. दुसरं कारण कधी कुणाला सांगितलं नाही. पंधरा दिवस सुई धरून माझी बोटं सुजली होती. पऱ्या केवढा तरी मोठा. तो भरायचा म्हणजे आणखी तीन दिवस. "सुई उचल" म्हटल्यावर माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की बरं झालं, सुटले.

साहेब कापड बघून थक्क झाला. फोटो काढले, हात लावून बघितलं, म्हणाला, असा नकाशा मी बघितला नाही. फरजनं त्याला आपलं घर दाखवलं. शमसानं बाहेर बसलेला टाका दाखवला. साहेब हसला. कापड व्यवस्थित घडी करून घेऊन गेला.

वर्षभरानं पऱ्यात आकडे लिहिलेले सिमेंटचे खांब आले.

मबरूक त्याच दिवशी बस धरून मस्कतला गेला. नुमानला बरोबर नेलं, कागद वाचायला. नुमान तेव्हा चांगला बाप्या झाला होता. संध्याकाळी येऊन त्यानं मला सगळं सांगितलं. साहेब वाईट वागला नाही. त्यानं चहा दिला. कापड काढून टेबलावर पसरलं आणि म्हणाला, "हे बघा काका. धागा आहे तिथं एका बोटानं कुणी हात लावलेला नाही. मी शब्द पाळला. ही मधली जागा तर तुम्ही रिकामीच दाखवली होती. रिकाम्या जागेचे घरांचे भूखंड पडले. चिठ्ठ्या निघाल्या. नव्या लग्नाच्या पोरांना मिळाले."

"मग मबरूक काय म्हणाला?"

"म्हणाला, तिथं पाणी राहतं."

"आणि साहेब?"

"साहेब म्हणाला, काका, गेल्या चार वर्षांत तर आलेलं नाही. मग मबरूककाका बाहेर व्हरांड्यात येऊन बसले. मी पाणी आणलं तर म्हणाले, अरे, त्या पोरांनाही घर हवंच ना."

दुसऱ्या दिवशी मबरूक दुकानात आला. मी आत लपले, खरं सांगते. वाटलं, आता म्हणेल, उम्म नुमान, तू शिकलेल्या मुलखातली, तुला कळायला हवं होतं. तो पडद्याशी येऊन उभा राहिला.

"उम्म नुमान. चूक माझी. तू विचारलं होतंस कुठला रंग. मीच नको म्हणालो."

तेव्हा तरी बोलायचं. पडदा बाजूला करायचा आणि म्हणायचं, मबरूकभाय, मला माहीत होतं. मी म्हणाले, "कोकम देऊ का?"

त्यानं दुसरं कापड करायला सांगितलं. या वेळी मी आधी पऱ्या भरला. जाड निळा धागा, दुहेरी, एका बाजूनं दुसऱ्या बाजूपर्यंत, कापड दिसेना इतका. सुई टोचून टोचून बोटातून रक्त आलं तरी थांबले नाही. नुमानचे बाबा म्हणाले, "अगं, पूर येईल घरात, इतका कशाला?" तेही कापड गेलं. पण तोवर चिठ्ठ्या निघून नावं लागलेली. एकदा नाव लागलं की खलास.

भिंती उभ्या राहिल्या. मागोमाग घरं, दुमजली, गुलाबी आणि पिवळी, गच्चीवर पाण्याच्या टाक्या. दिसायला छान. फरज मोठ्या भावाला टोचून म्हणायचा, "मला दोन हात देत नव्हतास. आता दिलेस ना दोनशे?" मबरूक गप्प बसायचा. त्याला गप्प बसलेला बघायची आम्हाला सवय नव्हती. फरजलाही नव्हती, मग तोच ओशाळून कहवा करायला उठायचा.

पाच वर्षांनी पाणी आलं. फार मोठं नव्हे. पूर्वी असं आलं असतं तर पोरांनी कागदाच्या होड्या सोडल्या असत्या. ते नव्या घरांच्या भिंतीपर्यंत आलं, थांबलं, आणि वळलं. वस्तीच्या सखल बाजूला फरजचं घर. दुपारची वेळ, म्हणून माणसं वाचली. पण आठ शेळ्या गेल्या, खजुराची कोठी गेली, एक भिंत आडवी झाली. शमसाच्या बहिणीच्या घराजवळची विहीर गाळानं भरली. माझ्या कापडावर तिला मी गोल हिरवा टाका घातला होता, तीच.

फरज म्हणाला, "मी नाही राहत इथं." त्याची मुलगी इब्रीला दिलेली, डोंगरापलीकडे. तिथं बाजारात जावयाचं दुकान. फरज सगळं घेऊन तिकडं गेला. निघायच्या दिवशी दोघं भाऊ बोरीखाली बसले. मी लांबून पाहत होते. दोघांपैकी कुणीही भांडलं नाही. मला तेच बघवेना.

फरजमागून आणखी घरं गेली. कुणाची मुलं मस्कतला, कुणाची सोहारला. दोरी धरायला माणसं कमी पडायला लागली. एका वर्षी अकरा, पुढच्या वर्षी सात. मग शमसा गेली, अल्ला तिला जन्नत देवो. त्या वर्षी खजूर उतरला तशी सकाळी मबरूक आमच्या दारात. हातात दोरी.

"उम्म नुमान, दुसरं टोक धरायला कुणी नाही."

नुमानचे बाबा त्याच्या आदल्या वर्षी वारले होते. माझे गुडघे तसलेच. पण गेले. मी टोक धरलं आणि तो पुढं. होड्यांच्या इतक्या गाठी, होड्या दोनच. जाळ्यांच्या इतक्या गाठी, जाळी नाहीत. तरी त्यानं एकही गाठ सोडली नाही. प्रत्येक घरापाशी थांबून त्या घराचं नाव घ्यायचा, माणूस असो नसो. फरजच्या पडक्या भिंतीपाशी "फरज" म्हणाला आणि नाक ओढलं.

मग पऱ्याच्या काठाशी आलो. म्हणजे गुलाबी भिंतीशी आलो.

"उचल," तो म्हणाला.

मी दोरी खांद्यावर धरली. त्यानंही. पुढं जायला जागाच नव्हती. भिंतीपाशी आम्ही दोघं म्हातारी दोरी उचलून उभी. पूर्वी ओलांडायला जेवढा वेळ लागायचा, तेवढा वेळ तो उभा राहिला. आतून कुणाचं तरी कुत्रं भुंकत होतं. मग म्हणाला, "ठेव." आम्ही वळसा घालून पलीकडे गेलो आणि दोरी परत टेकवली.

त्या वेळी मी बोलणार होते. अगदी तोंड उघडलं होतं. पण तो म्हणाला, "तू ये पुढच्या वर्षी पण. तुझं टोक ताठ असतं." मी म्हटलं, "येईन." आणि पुढची दोन वर्षं गेलेही.

माझी नात मुनिबा मस्कतमधल्या अल् घुब्र्याला राहते, तिथल्या शाळेत शिकते. तिचं मराठी म्हणजे लंगडी कोंबडी. सुट्टीत आली होती. मी तिला पऱ्याबद्दल सांगितलं. म्हणाली, "दादी, मग ते लोक राँग होते ना? मार्क करायला पाहिजे होता." मी म्हटलं, "हो बाय, चुकलं." कुणाचं, ते तिनं विचारलं नाही.

मबरूक गेल्या हिवाळ्यात वारला. दुखणं काही नव्हतं. सकाळी फजरच्या नमाजाला उठला, हातपाय धुऊन वजू करून बसला, आणि बसलेलाच राहिला. इब्रीहून फरज आला. कबरस्तानात पूर्वी दोरीनं ठरवलेली एक जागा होती शमसाच्या बाजूची, तिथंच ठेवला.

त्याच्या आठ दिवस आधीची गोष्ट सांगते.

त्याचं एक काम होतं, वस्तीत त्याच्या बापापासून चालत आलेलं. पश्चिमेकडे डोंगरावर ढग काळे झाले आणि इकडे किनाऱ्यावर ऊन असलं, की समजायचं, दोन-तीन तासांत पाणी खाली येणार. मग घराघरांत जाऊन सांगायचं. शेळ्या सोडा, होड्या ओढा, सामान उंच ठेवा. त्या दिवशी सकाळपासून डोंगर काळा होता.

मी त्या वेळी गुलाबी घरात होते. वरच्या मजल्यावर पुण्याचं एक जोडपं भाड्यानं राहतं, चंद्रहास आणि कल्पना. तो सोहारच्या बंदरावर नोकरीला. ती एकटी कंटाळते म्हणून मी अधूनमधून जाते. ती मला आजी म्हणते, थालीपीठ खाऊ घालते, आणि थालीपीठ बिघडलं की दोष इथल्या पिठाला देते. त्या दिवशी आम्ही खाली अंगणात बसलो होतो. फाटक वाजलं. मबरूक उभा. हातात काठी, डोक्यावर माझी टोपी, श्वास लागलेला.

"आजी, कोण हो हे काका? वॉचमन आहेत का इकडचे?" कल्पनानं हळूच विचारलं.

मी म्हटलं, "शेजारी आहेत."

मबरूक तिला म्हणाला, "बेटी, पाणी येतंय. गाडी वर रस्त्यावर लाव. खालच्या खोलीतलं सगळं वर ने."

"थँक यू काका, पण आम्हाला मोबाईलवर अलर्ट येतो ना."

"येऊ दे. मग मोबाईलला सांग, गाडी हलव."

कल्पना हसली. मीही हसले. तो हसला नाही. त्यानं फाटकाच्या आत पाऊल न टाकता अंगणात नजर फिरवली. कुठं सखल आहे, पाणी कुठून शिरेल. "त्या कोपऱ्यातून येईल," तो काठी दाखवत म्हणाला. "तिथं काही ठेवू नको. जिन्यात थांब. खाली येऊ नको."

ती चावी आणायला आत गेली. आम्ही दोघंच होतो.

मी म्हटलं, "मबरूकभाय, तुम्ही या घरांना का सांगत फिरता? ज्यांनी तुमचा पऱ्या..."

"घर आहे, आत माणसं आहेत," तो म्हणाला. "सांगायचं असतं."

"मला तुम्हाला एक सांगायचं होतं. त्या कापडाचं."

"सांग ना. नंतर. अजून सोळा दारं राहिलीत." ते नंतर राहूनच गेलं.

कल्पना चावी घेऊन आली आणि गाडी काढायला लागली. तिला मागं घेता येईना, तर मबरूकनं काठी हलवून तिला वाट दाखवली, "ये, ये, आणखी, बस." गाडी रस्त्यावर लागली तसा तो शेजारच्या पिवळ्या घराकडे वळला. फाटक बंद होतं. त्यानं काठीनं तीनदा वाजवलं. कुणी येईना. त्यानं परत तीनदा वाजवलं आणि थांबला.